स्टाउट, ओक आणि मापात घातलेली बर्बन

बर्बनच्या, म्हणजे मुख्यतः मक्याच्या अमेरिकन व्हिस्कीच्या, पिंपात मुरलेली काळी बिअर घरी करायची म्हटलं की पहिला प्रश्न पिंपाचाच येतो. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे बर्बन नव्याकोऱ्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते. एकदा वापरलेलं पिंप बर्बनला पुन्हा चालत नाही. त्यामुळे बर्बनचं माहेर असलेल्या केंटकी राज्यातून अशी पिंपं सतत बाहेर पडत असतात. ती स्कॉटलंडला जातात, कॅरिबियनमधल्या रमवाल्यांकडे जातात, गोव्याच्या पॉल जॉन व्हिस्कीसाठी कुंकळ्ळीपर्यंत जातात, आणि काही बिअरवाल्यांच्या वाट्याला येतात. पण असं पिंप ५३ गॅलनचं, म्हणजे साधारण २०० लिटरचं. माझी घरची खेप असते ५ गॅलनची, १९ लिटरची. त्या पिंपाच्या तळाशी माझी बिअर डबक्यासारखी दिसली असती.

लहान पिंपं मिळतात, दिसायलाही देखणी असतात. तरी मी ती घेतली नाहीत. पिंप जितकं लहान, तितकं दर लिटरमागे बिअरला लागणारं लाकूड जास्त. लाकडाची चव काही आठवड्यांतच अंगावर येते आणि फटींमधून हवाही जास्त शिरते. मोठ्या पिंपात वर्षभर निवांत मुरणं आणि लहान पिंपात झटपट लाकूड चढणं यांत फार अंतर आहे. म्हणून मी पिंपाचा नाद सोडला आणि ओकचे तुकडे आणले. पिंप बिअरला दोन गोष्टी देतं, लाकूड आणि लाकडात जिरलेली दारू. पिंपात त्या एकत्रच येतात, पण घरी त्या वेगवेगळ्या देता येतात. लाकडाला वेळ द्यायचा आणि दारूला माप लावायचं. या खेपेत मी हेच धरून चालले आणि ते मला पूर्ण पटलं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी कायद्याचं सांगून टाकते. मी शिकागोच्या उपनगरात राहते. अमेरिकेत घरी बिअर करायला केंद्रीय कायद्याने परवानगी मिळाली ती १९७८ साली, जिमी कार्टर यांच्या सहीने. घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलन, एकच असेल तर १००. घरी दारू गाळायला मात्र त्या कायद्याने परवानगी दिलेली नाही. दुकानातून आणलेली बर्बन आपल्या बिअरमध्ये ओतणं म्हणजे दारू गाळणं नव्हे, त्यामुळे इथे ते चालतं. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय बिअर बनवता येत नाही, तेव्हा तिकडच्या वाचकांनी हे वाचावं, पण करू नये.

शिकागोत राहून ही बिअर करावीशी वाटणं स्वाभाविक आहे. बर्बनच्या पिंपात इम्पीरियल स्टाउट, म्हणजे कडक काळी बिअर, मुरवायची पद्धत ज्या बिअरमुळे देशभर पसरली ती याच शहरातली. गूज आयलंड या ब्रुअरीच्या ग्रेग हॉल यांनी १९९०च्या दशकात जिम बीम या बर्बन कंपनीच्या बुकर नो यांच्याकडून पिंपं मिळवली आणि त्यांत दणकट स्टाउट भरली. तीच पुढे बर्बन काउंटी स्टाउट झाली. तिचा पहिला घोट घेतला तेव्हा मला व्हॅनिला, खोबरं, चॉकलेट आणि जळकट साखर अशा चवी एकामागून एक लागत गेल्या. यातलं एकही त्या बिअरमध्ये घातलेलं नाही, हे कळल्यावर मी लाकडाविषयी वाचायला बसले.

ओकचं लाकूड मुख्यतः सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निनचं बनलेलं असतं, आणि त्यात टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारं द्रव्य, असतं. लाकूड भाजलं की हेमिसेल्युलोज फुटून त्यातल्या साखरा करपतात, त्यातून कॅरमेल आणि बदामासारखा वास येतो. लिग्निन फुटलं की व्हॅनिलिन तयार होतं. व्हॅनिलाच्या शेंगेत असतं तेच हे द्रव्य. आणखी भाजलं तर ग्वायकॉल येतं, म्हणजे धुराचा वास. युजेनॉल हे लवंगेतलं द्रव्यही ओकमध्ये असतं. खोबऱ्याचा वास लॅक्टोन नावाच्या द्रव्यांचा, आणि अमेरिकन पांढऱ्या ओकमध्ये ही लॅक्टोनं युरोपातल्या ओकपेक्षा बरीच जास्त असतात. फार भाजलं की लॅक्टोन आणि टॅनिन दोन्ही कमी होतात आणि धूर पुढे येतो. फ्रेंच ओक दाट धाग्याचा, त्यात मसाल्याचा अंग जास्त. मला खोबरं आणि व्हॅनिला हवं होतं, म्हणून अमेरिकन ओक घेतला, भाजणीने मध्यमपेक्षा थोडा वरचा.

ओक दुकानात चिप्स, स्पायरल आणि चौकोनी तुकडे अशा रूपांत मिळतो. चिप्स स्वस्त असतात. पण त्या इतक्या पातळ असतात की सगळी भाजणी वरवरच असते, आणि जे काही द्यायचं ते आठवड्या-दोन आठवड्यांत देऊन टाकतात. त्यातून येते ती एकसुरी, लाकडी चव. चौकोनी तुकडे साधारण सेंटिमीटरभर जाडीचे असतात, आणि आगीवर भाजलेले असले तर एका अंगाला जवळजवळ काळे, दुसऱ्या अंगाला बिस्किटी रंगाचे दिसतात. म्हणजे एकाच तुकड्यात भाजणीच्या तीन-चार पायऱ्या सापडतात. बिअर आतपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि चवही टप्प्याटप्प्याने उतरते. पिंपाच्या जवळ जायचं तर हाच मार्ग, असं माझं ठाम मत आहे. बाटलीत मिळणारा ओकचा अर्क मी विकत घेणार नाही.

मूळ बिअरबद्दल थोडक्यात. इम्पीरियल स्टाउट ही अठराव्या शतकात लंडनहून रशियाच्या दरबारी जाणारी बिअर. कडक, काळी आणि टिकाऊ. ओक आणि बर्बन झेलायला अंगात एवढी ताकद हवीच. साध्या ५ टक्क्यांच्या स्टाउटमध्ये हे सगळं घातलं तर बिअर नावालाही उरत नाही. माझ्या खेपेत साडेसहा किलोच्या आसपास मॅरिस ऑटर माल्ट (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली) होतं, ९०० ग्रॅम म्युनिक माल्ट, ६०० ग्रॅम ओट्स, ४५० ग्रॅम भाजलेली बार्ली, ३५० ग्रॅम चॉकलेट माल्ट आणि ३०० ग्रॅम क्रिस्टल माल्ट. मॅश, म्हणजे धान्य गरम पाण्यात भिजवणं, ६७ अंशांवर. उकळीच्या सुरुवातीलाच मॅग्नम जातीचे हॉप्स, म्हणजे कडवटपणा देणारी फुलं, घातले, नंतर वासाचे हॉप्स काहीच नाहीत, कारण वास लाकडाचा हवा होता. सुरुवातीची घनता १.०९६ आली (नुसत्या पाण्याची १.०००). यीस्टची दोन पाकिटं घातली आणि घालण्याआधी वर्टमध्ये, म्हणजे धान्याच्या उकळलेल्या गोड पाण्यात, भरपूर हवा मिसळली, कारण एवढ्या साखरेत यीस्टची दमछाक होते. वायू बाहेर सोडणाऱ्या छोट्या एअरलॉकऐवजी जाड नळी लावून तिचं टोक पाण्याच्या बादलीत सोडलं. दुसऱ्या दिवशी फेस त्या नळीतून बादलीत धो-धो येत होता. आंबणं थांबलं तेव्हा घनता १.०२४ होती. हिशेबाने साडेनऊ टक्क्यांच्या जरा खाली मद्यार्क.

हे सगळं ऑक्टोबरात चाललं होतं. तिकडे फडताळात ओकची तयारी आधीच सुरू झाली होती.

४५ ग्रॅम तुकडे घेतले. १९ लिटरला ३० ते ६० ग्रॅम असा लोकांचा पाठ आहे, मी मधला आकडा धरला. ते एका काचेच्या बरणीत टाकून वरून कडकडीत उकळतं पाणी ओतलं. पाच मिनिटांत पाण्याला काळ्या चहाचा रंग आला. मी ते चमचाभर चाखलं. जीभ आक्रसली, हिरड्या कोरड्या पडल्या. पत्तीसकट उकळत राहिलेल्या चहाचा असतो तसाच हा तुरटपणा. ते पाणी मोरीत ओतलं आणि पुन्हा उकळतं पाणी घातलं. दुसरं पाणी फिकट होतं, तुरट कमी आणि त्याला व्हॅनिलाची पुसट चाहूल. इथे थांबले. तिसरं पाणी घातलं असतं तर हवी ती चवही मोरीत गेली असती. या उकळत्या पाण्याचा आणखी एक उपयोग आहे. लाकूड सच्छिद्र, त्याच्या आत जिवाणू आणि रानटी यीस्ट दडून बसतात. जंतुनाशक द्रावण वरून फिरवल्याने आतलं काही मरत नाही. उष्णता आत शिरते.

ही भीती कागदावरची नाही. २०१५ सालच्या बर्बन काउंटीच्या काही बाटल्या लॅक्टोबॅसिलस असिटोटॉलरन्स नावाच्या जिवाणूने आंबट झाल्या होत्या आणि कंपनीने लोकांना पैसे परत दिले होते. अकरा-बारा टक्क्यांवरच्या मद्यार्कात जगणारा जिवाणू असतो, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. त्यामुळे ‘दारूत भिजवलं म्हणजे निर्जंतुक झालं’ या बोलण्यावर मी विसंबत नाही. आधी उकळतं पाणी, मगच बर्बन.

पाणी निथळल्यावर तुकड्यांवर २५० मिलिलिटर बर्बन ओतली. ५० टक्क्यांची, म्हणजे अमेरिकेच्या भाषेत १०० प्रूफ. भारतातल्या बाटल्यांवर ४२.८ टक्के असतं ते जुन्या ब्रिटिश मोजणीतलं ७५ प्रूफ. दोन्हीकडचं प्रूफ वेगळं, म्हणून मी हिशेब नेहमी टक्क्यांतच करते. बर्बन मध्यम किमतीची निवडली. फार महागडीचे बारकावे भाजलेल्या बार्लीखाली दबून जातात. अगदी स्वस्त घेतली तर तिचा झोंबरेपणा बिअरमध्येही झोंबतो. जी मी नुसती, बर्फाशिवाय आनंदाने पिईन ती चालते, एवढी एकच कसोटी.

बरणी अंधारात ठेवली आणि काही आठवडे तिला हात लावला नाही, अधूनमधून हलवली तेवढंच. नंतर एक तुकडा चिमट्याने काढून सुरीने मधोमध कापला. बाहेरची कड गडद, ओलसर. आत दोन-तीन मिलिमीटरपर्यंत बर्बन मुरत गेलेली, तिचा तांबूस पट्टा स्पष्ट दिसत होता. आणि मध्यभागी फिकट, जवळजवळ कोरं लाकूड. नाकाशी धरला तर कडेला धूर आणि लवंग, मध्याला ताज्या खोबऱ्याचा वास. एवढ्याशा तुकड्यात इतकं काही भरलेलं असतं हे डोळ्यांनी पाहिल्यावर घाई करावीशी वाटली नाही.

मुरवायला काचेच्या कारबॉयऐवजी, म्हणजे मोठ्या बाटलीऐवजी, मी स्टीलचा ५ गॅलनचा केग, म्हणजे घट्ट झाकणाचा आणि तोटीचा उभा डबा, घेतला. आंबणं संपल्यावर बिअरला हवा लागली की ती ओल्या पुठ्ठ्यासारखी वास मारायला लागते, आणि हे दोन-तीन महिन्यांचं काम. केग आधी कार्बन डायऑक्साइडने भरून घेतला, मग सायफनने गाळ मागे ठेवून १८ लिटरच्या आसपास बिअर आत घेतली. तुकडे बर्बनमधून उपसून नायलॉनच्या जाळीच्या पिशवीत भरले, पिशवीत एक स्टीलचं वजन टाकलं, कारण लाकूड तरंगतं. पिशवीला दात साफ करायचा बिनवासाचा धागा बांधला आणि धाग्याचं टोक झाकणाच्या रबराखालून बाहेर काढलं. हा धागा इतका बारीक की झाकण घट्ट बसतं. बरणीतली बर्बन मात्र बिअरमध्ये ओतली नाही. ती गाळून बाटलीत भरून ठेवली.

बरेच जण तुकडे आणि बर्बन एकदमच ओततात. त्यात मला एक अडचण दिसते. ओक किती उतरेल ते आज सांगता येत नाही, ते चाखत-चाखतच कळतं. बर्बन किती हवी हे ओक उतरल्यावरच ठरतं. पहिल्याच दिवशी दोन्ही ओतलं की पुढे हातात काही उरत नाही, आणि घातलेली बर्बन परत काढता येत नाही.

केगचा मोठा फायदा असा की झाकण न उघडता तोटीतून घोटभर बिअर काढता येते. मी आठवड्यातून एकदा चाखायची, आणि फ्रिजमधल्यासारखी गार करून नव्हे, तळघराच्या तापमानाला. थंड बिअर चव लपवते. सुरुवातीला तुकड्यांत जिरलेली बर्बनच तेवढी वर आली, आणि तिच्यामागे कच्च्या, ताशीव लाकडाचा वास. याच टप्प्यावर पुष्कळांना वाटतं की ओक जास्त झाला, आणि ते तुकडे काढून टाकतात. थांबावं. हा कच्चेपणा पुढच्या आठवड्यांत विरतो. मग व्हॅनिला आला, आधी वासात, नंतर चवीत. त्यापाठोपाठ खोबरं. भाजलेल्या बार्लीची कॉफी आणि चॉकलेट माल्टचं चॉकलेट आधीपासून होतंच, पण सुटं-सुटं. व्हॅनिला आल्यावर ते एकमेकांत मिसळलं. बिअरमध्ये साखर वाढलेली नसतानाही ती गोडसर लागायला लागली, कारण व्हॅनिलाचा वास आला की जीभ गोडी गृहीत धरते.

दीड महिना उलटल्यावर हिरड्यांना टॅनिन जाणवायला लागलं. त्रासदायक नव्हतं, उलट १.०२४च्या जडपणाला ते आवर घालत होतं. बाटलीत ओक हळूहळू मागे सरतो, म्हणून आपल्याला हवा त्यापेक्षा अंमळ जास्त झाल्यावरच लाकूड काढायचं. मी आणखी थोडं थांबले. एका घोटात ओक कॉफीच्या बरोबरीला आला तेव्हा झाकण उघडलं, धागा ओढून पिशवी बाहेर काढली आणि केगमध्ये पुन्हा वायू सोडला.

पिंपाचं जे या पद्धतीत येत नाही तेही सांगायला हवं. खऱ्या पिंपात लाकडातून अगदी हळू हवा झिरपत असते, त्यातून मनुका-अंजिरासारखी जुनी चव येते. स्टीलच्या केगमध्ये ती येणार नाही. मला त्याची खंत नाही. १९ लिटरमध्ये तेवढी मोजून हवा देणं कुणाला जमत नाही, आणि जास्त झाली तर सगळीच बिअर जाते.

आता बर्बनचं माप. या प्रक्रियेतला मला सर्वांत आवडलेला भाग हाच.

चार पेल्यांत प्रत्येकी १०० मिलिलिटर बिअर घेतली. औषधाच्या सिरिंजने त्यांत बरणीतली गाळलेली बर्बन १, २, ३ आणि ४ मिलिलिटर घातली. पाचवा पेला नुसत्या बिअरचा. पेल्यांच्या बुडाला खुणा केल्या आणि नवऱ्याला त्यांची जागा बदलायला सांगितलं, म्हणजे मला माहीत नको. मग त्याने चाखले, मी दुसऱ्या खोलीत. एक मिलिलिटरचा पेला आणि कोरी बिअर यांत दोघांनाही फारसा फरक सांगता आला नाही. चारच्या पेल्याला त्याने नाक लावलं आणि बाजूलाच ठेवला. “अगं, यात बिअर कुठे आहे? नुसती बर्बन लागतेय.” तीनचा पेला पहिल्या घोटाला फार आवडला, पण अर्धा संपेपर्यंत घसा गरम व्हायला लागला. दोनचा शेवटपर्यंत प्यावासा वाटला. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायची. ही चाचणी वायू नसलेल्या बिअरवर होते. वायू आला की वास वर उसळतो आणि दारू आणखी जाणवते. म्हणून दोन आणि तीनच्या मध्ये अडकलो तर दोनकडे झुकायचं. १०० मिलिलिटरला २, म्हणजे दोन टक्के.

सिरिंज हातात होतीच, मग आणखी बाटल्या निघाल्या. आमचा दादा सावंतवाडीहून आला होता तेव्हा त्याने काजूची फेणी आणली होती. त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, “फेणी घालून बघ गो, कशी लागता ती सांग.” घातली. एका मिलिलिटरमध्येच फेणीने सगळा पेला ताब्यात घेतला. काजूच्या बोंडाचा तो पिकलेला, उग्र वास भाजलेल्या बार्लीशेजारी बसेना. दोघं आपापल्या जागी उभे. फेणी मला मनापासून आवडते, गावची आहे, पण ती नुसतीच, किंवा लिंबू आणि हिरवी मिरची घालून. काळ्या बिअरमध्ये तिला घालू नये.

पॉल जॉनची साधी, धुराचा वास नसलेली व्हिस्की चांगली लागली. पण ती मुळात बर्बनच्याच पिंपात मुरलेली, तिचा स्वभाव सौम्य, आणि भाजलेल्या धान्यापुढे तो टिकला नाही. ती पेल्यातच प्यावी.

खरा आनंद दिला तो ओल्ड मंकने. १९५४ पासून बाजारात असलेली ही रम आपल्यापैकी कुणाला माहीत नाही? तिच्यातला व्हॅनिला आणि काकवीचा अंग स्टाउटमधल्या चॉकलेटला असा काही मिळाला की नवरा पेला खाली ठेवेना. तिचं मद्यार्क ४२.८ टक्के, बर्बनपेक्षा कमी, त्यामुळे माप अडीच मिलिलिटरवर गेलं. तिथल्या तिथे ठरलं, १५ लिटर बर्बनची आणि ३ लिटर रमची.

१५ लिटरला दोन टक्क्यांनी ३०० मिलिलिटर. तुकड्यांनी पिऊन उरलेली २२० मिलिलिटर बर्बन बरणीतून मिळाली, उरलेली ८० त्याच ब्रँडच्या बाटलीतून घेतली. बरणीतली बर्बन गडद आणि चांगली लाकडी झाली होती, ती टाकून देणं मला पटत नाही. मात्र तीच सगळी वापरण्याचाही आग्रह नको, कारण तिच्यात टॅनिनही उतरलेलं असतं. मद्यार्काचा हिशेब सोपा आहे. १५ लिटर बिअरमध्ये साधारण १.४१ लिटर शुद्ध मद्यार्क, बर्बनमधून आणखी ०.१५, एकूण १.५६ भागिले १५.३. साधारण १०.२ टक्के. हे कागदावरच करावं लागतं. दारू घातल्यावर हायड्रोमीटरवर घनता उतरलेली दिसते, आणि त्यावरून कुणी मद्यार्क काढायला गेलं तर आकडा चुकीचाच येणार. रमच्या ३ लिटरला ७५ मिलिलिटर ओल्ड मंक लागली.

बाटल्या भरताना नवं यीस्ट घालणं मी अत्यावश्यक मानते. मूळ यीस्टने साडेनऊ टक्क्यांपर्यंत काम केलेलं, नंतर महिनोन् महिने थंड तळघरात तळाशी बसलेलं. त्याच्या भरवशावर बाटल्या भरल्या तर त्यांत वायू भरेलच असं नाही. शॅम्पेनचं यीस्ट कोमट पाण्यात भिजवून घातलं, ते जास्त मद्यार्क सहन करतं. वायू धरण्यासाठी साखर दोन्ही भागांना मिळून १०० ग्रॅम, मक्याची, पाण्यात उकळून, ज्या-त्या भागाच्या प्रमाणात वाटून. इम्पीरियल स्टाउटला वायू कमीच शोभतो. फार फसफसली तर जिभेवरचा मखमली भार जातो आणि टॅनिन टोचतं. बाहेर शिकागोचा जानेवारी, तळघरात १४ अंश, तिथे यीस्ट जागं झालं नसतं, म्हणून बाटल्या वर झोपायच्या खोलीतल्या कपाटात ठेवल्या. वायू धरल्यावरच खाली नेल्या.

पहिली बाटली वसंतात उघडली. वास छान, पण बर्बन वर आणि बिअर खाली, दोन थर वेगळे कळत होते. लोणचं घातल्या-घातल्या कुणी वाढत नाही, म्हणून बाकीच्या बाटल्यांना हात लावला नाही. उन्हाळा संपल्यावर उघडली ती मात्र एकसंध होती. फेस कॉफीच्या रंगाचा, थोडाच, लवकर बसणारा. आधी कॉफी, मग व्हॅनिला, घोट गिळताना बर्बनची ऊब, आणि शेवटी खोबऱ्याचा बारीक वास नाकात मागे राहतो. रमची बाटली तिच्यापेक्षा गोल, मऊ, थोडी काकवीकडे झुकणारी. नवरा रमच्या बाजूचा आहे, मी बर्बनच्या. आमच्या होमब्रू क्लबमधल्या एका वयस्कर सभासदांना दोन्ही दिल्या. त्यांनी ओल्ड मंकची बाटली हातात फिरवून लेबल बराच वेळ वाचलं आणि कुठे मिळते ते विचारून घेतलं.

ही बिअर थंडगार पिऊ नये. फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवावी, १२ ते १४ अंशांवर, आणि पेला लहान घ्यावा, वर निमुळता. ३५५ मिलिलिटरची एक बाटली दोघांत पुरते.

वापरलेले तुकडे फेकले नाहीत. ते पुन्हा बर्बनमध्ये बुडवून ठेवले आहेत. दुसऱ्या खेपेला त्यांचा जोर निम्म्यानेही उरत नाही, पण तुरटपणा जवळजवळ गेलेला असतो, आणि सात टक्क्यांच्या एखाद्या पोर्टरला, म्हणजे स्टाउटहून सौम्य काळ्या बिअरला, तेवढंच पुरेसं आहे. पुढच्या स्टाउटमध्ये भाजलेली बार्ली ४५० ग्रॅमवरून ३५०वर आणणार आहे. ओकचं टॅनिन आणि बार्लीचा कडवटपणा दोन्ही हिरड्यांवर एकाच जागी बसतात, आणि बार्ली थोडी मागे घेतली तर लाकडाला आणखी एक-दोन आठवडे देता येतील.